बाजूला बसलेली मंदा

वन्सं गेल्या त्या दुपारी मी त्यांच्यावर चिडलेली होते. गवार मोडून झाली होती, दूध वर यायच्या बेतात होतं आणि मी स्वयंपाकघरातून ओरडून विचारत होते, "वन्सं, चहा ठेवू की कॉफी?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तरी नाही. सकाळी आंघोळीवरून आमची जुंपली होती. त्यांना थंडी वाजत होती आणि मला काढलेलं गरम पाणी फुकट घालवायचं नव्हतं. म्हटलं, बसल्या असतील रुसून. बसू देत. मी माझा चहा प्यायले, पातेलं विसळून पालथं घातलं आणि मग त्यांचा कप घेऊन बाहेर गेले. बाल्कनीच्या दाराजवळ त्यांची वेताची खुर्ची असते, तिच्यात त्या होत्या. चष्मा डोळ्यांवर, मान जराशी भिंतीकडे. कप पुढे केला तरी हलल्या नाहीत, तेव्हा मी त्यांच्या हाताला हात लावला आणि मला कळलं. कप परत आत नेऊन ओट्यावर ठेवला आणि मुलाला बंगळुरूला फोन लावला. रडले वगैरे नाही. ऐंशी पार केलेल्या दोन बायका एका घरात राहतात तेव्हा दोघींपैकी एकीला हे काम करावं लागणार असतं. ते माझ्या वाट्याला आलं.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची बहीण, प्रमिला. ज्यांनी लहानपणी 'सांजवन'ची पुस्तकं वाचली त्यांच्या त्या प्रमिलाताई. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचा जुना फोटो आला आणि फोन सुरू झाले. लोक हळहळायचे, त्यांची पुस्तकं अजून कपाटात जपून ठेवलीत म्हणून सांगायचे, मग थोडं थांबायचे… आणि विचारायचे, "एक विचारू का हो? मंदाचं पुढे काय झालं?" माणूस जाऊन चोवीस तास झाले नाहीत आणि चौकशी पुस्तकातल्या मुलीची. एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले, "सातवीत असल्यापासून हे त्यांना विचारायचं राहून गेलंय." मी म्हटलं, "इतकी वर्षं काय कामात होता?" फोन ठेवला. पण त्या दिवसापासून मला घरात एका जागी बसवत नाही. गॅस लावते आणि पुन्हा बघायला जाते, लावलाय का. दार लोटते, उघडते. कारण मंदाचं काय झालं ते मला माहीत आहे. वन्संच्या नंतर ते माहीत असलेली मी एकटीच उरले आहे. आता पाचही पुस्तकांची नवी आवृत्ती निघते आहे, आणि तिच्यात मंदाचं एक वाक्य बदलायचं की नाही, हे मला विचारलं गेलं.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तीन भावंडं आहेत. मोठा अरुण, मधली मंदा आणि शेंडेफळ बंडू. संध्याकाळी देवघरात समई लागली की तिची सावली भिंतीवर पडते. तिघांनी हात धरून साखळी करायची आणि पुढच्याने त्या सावलीला बोट लावायचं, की तिघं भिंतीपलीकडे सांजवनात. तिथे सदा संध्याकाळ. सूर्य बुडतच नाही, त्यामुळे झोपायला कुणी सांगत नाही. झाडांना पणत्या लागतात. वेशीवर एक साळिंदर असतं, फार शिष्ट, आल्यागेल्याच्या चुका काढत बसणारं. (ते कुणावरून घेतलं होतं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. माझे सासरे.) आणि त्या सांजवनाचा एक कायदा होता. तिथे बोलायचं तर समोरच्याचा हात धरावा लागायचा. हात धरल्याशिवाय बोललं तर ऐकूच जायचं नाही. पहिल्या चार पुस्तकांत तिघं जातात आणि परत येतात. पाचव्यात सांजवन कायमचं मिटणार असतं. शेवटच्या संध्याकाळी जो पलीकडे असेल तो तिथलाच होणार. त्या संध्याकाळी अरुण आणि बंडू जातात. मंदा जात नाही. का, तर तिथे एवढंच आहे, 'मंदा बाजूला बसली होती. दोघांनीच हात धरले.' समई विझते, पुस्तक संपतं.

पोरं वेडी झाली होती त्यावर. पत्रं यायची. मंदा का रुसली? मंदाला कोण काय बोललं? पुढे शिकलेली माणसं लिहायला लागली, की मंदा नटण्यामुरडण्याच्या वयात आली, तिला भावांचे खेळ नकोसे झाले, म्हणून लेखिकेने तिला शिक्षा केली. एका बाईंनी तर वन्सं मुलींच्या विरोधात आहेत असं लिहिलं. वन्संनी ते कात्रण मला वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "वहिनी, बघ, मी कुणाच्या विरोधात आहे ते मला पेपरातनं कळतं."

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा अठरा वर्षांची होते. माहेर मुळशीकडचं. चौथीपर्यंत शिकलेली, कारण गावात शाळाच चौथीपर्यंत होती. नारायण पेठेत पहिल्या मजल्यावर तीन खोल्यांचं बिऱ्हाड. सासू, सासरे, हे, आणि ह्यांची बहीण. वन्सं माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या, नुकत्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "वाचता येतं का?" मी म्हटलं, "येतं. तुम्हाला भाकरी येते का?" त्या म्हणाल्या, "नाही." तिथून आमचं जमलं.

पण खरं जमलं ते कोपऱ्यात. आत्ताच्या मुलींना हे सांगावं लागतं म्हणून सांगते. महिन्याचे ते दिवस आले की त्या काळी बाई बाजूला बसायची. पाळी आली असं कुणी तोंडाने म्हणत नसे. 'ती बाजूला बसलीय' म्हटलं की झालं, बायकांना कळायचं, पुरुषांना कळायचं, दूधवाल्यालाही कळायचं. आमच्याकडे मागच्या दाराजवळ, कोळशाच्या पोत्याशेजारी एक कोपरा होता. तिथे चटई, वेगळा तांब्या, वेगळी वाटी. कुणाला शिवायचं नाही, कशाला शिवायचं नाही. सासूबाई पोळी वरून टाकायच्या. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं आणि मग घरात यायचं. मी काही त्यात रडत बसले नाही. खोटं कशाला सांगू, घरातल्या कामातून तेवढीच सुटका व्हायची. मला ते दिवस बरे वाटायचे. वन्संना नाही. त्या सकाळी शाळेत जाऊन वर्गभर पोरांच्या पाठीवर हात फिरवून, दोघातिघांचे कान धरून यायच्या, आणि घरी आल्या की निमूट कोपऱ्यात. मी एकदा म्हटलं, "शाळेत चालतं ते इथे का चालत नाही?" तर म्हणाल्या, "शाळेत आईला दिसत नाही." हसल्या नाहीत. त्या कोपऱ्यात त्या कधीच हसायच्या नाहीत, आणि भिंतीला टेकायच्या पण नाहीत. पाठ ताठ, मान भिंतीकडे.

कधी कधी आम्हा दोघींचे दिवस एकदम यायचे. सासूबाईंचे फार हाल व्हायचे, आरडाओरडा चालायचा. आणि आम्ही दोघी एका चटईच्या दोन टोकांना. दिवसभर करायचं काय? वन्सं मला गोष्ट सांगायला लागल्या. संध्याकाळी सासूबाई समई लावायच्या, तिची सावली आमच्या कोपऱ्यापर्यंत यायची. त्या सावलीकडे बघत एकदा म्हणाल्या, "वहिनी, तिच्या आत एक गाव आहे." मी म्हटलं, "असेल. तिथे भाकऱ्या कोण करतं?" त्या म्हणाल्या, "तिथे झाडाला लागतात." पुढे पुस्तकात त्याच्या पणत्या झाल्या, पण आधी त्या भाकऱ्या होत्या, हे मी इथे सांगून ठेवते. हात धरून बोलायचा कायदा पण तिथलाच. मला तो पटला नव्हता. मी म्हटलं, "भांडण झालं तर काय करायचं?" त्या म्हणाल्या, "भांडतानाही हात धरायचा. मग फार वेळ भांडता येत नाही." सांजवन हे असं आमच्या कोपऱ्यात उगवलं. लोक मुलाखतीत विचारायचे, "ताई, ही कल्पना कशी सुचली?" आणि त्या सांगायच्या, निसर्गात फिरताना. मी मागे बसलेली असायचे. मनात म्हणायचे, कसला निसर्ग? कोळशाचं पोतं.

पुस्तकं त्यांनी शाळा सांभाळून लिहिली. स्थळं आली आणि गेली, काही त्यांनी घालवली. लिहून झालं की त्या मला वाचून दाखवायच्या, मी भाजी निवडत ऐकायचे. मला कळलं तर पोरांना कळेल असा त्यांचा हिशोब. मला तो अपमान वाटत नसे, कारण मी अडवायचे तिथे त्या खरंच खोडायच्या. साळिंदर फार बोलतं म्हटलं की त्याचं बोलणं कमी करायच्या. बुधवार पेठेतले प्रकाशक हस्तलिखित न्यायला घरी यायचे आणि सासरे त्यांना साळिंदरासारखेच प्रश्न विचारायचे. चार पुस्तकं अशी झाली. मग बरीच वर्षं काही नाही. सासरे गेले. मग सासूबाई गेल्या. दिवस झाले, आलेगेले निघून गेले, आणि मी पहिलं काय केलं तर ती कोपऱ्यातली चटई उचलून बोहारणीला दिली. वाटी, तांब्या इतर भांड्यांत मिसळून टाकले. कुणाला विचारलं नाही. वन्सं दारात उभ्या राहून बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, "झालं?" मी म्हटलं, "झालं." त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी पाचवं पुस्तक लिहिलं.

त्याचं शेवटचं पान त्यांनी वाचलं तेव्हा मी मटार सोलत होते. 'मंदा बाजूला बसली होती. दोघांनीच हात धरले.' माझा हात थांबला. मी म्हटलं, "म्हणजे? तिला शिवायचं नव्हतं?" वन्सं पानं जुळवत राहिल्या. "मुलांचं पुस्तक आहे, वहिनी. तोंड सांभाळ." मी म्हटलं, "मी सांभाळते. तुम्ही लिहिलंय त्याचं काय?" तर म्हणाल्या, "मी काय लिहिलंय? बाजूला बसली होती. बसतात की माणसं बाजूला." आणि उठून गेल्या. हे बाहेरून आले, त्यांना पान दाखवलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, चष्मा पुसला, आणि बहिणीला म्हणाले, "प्रमे, मलाही पाठवलंस तिकडे? जागा तरी बरी आहे ना?" वन्सं म्हणाल्या, "तुला उजेडाची बाजू दिलीय." 

अरुण म्हणजे हे, आणि 'तिकडे' म्हणजे कुठे, ते मला माहीत होतं. ह्या दोघांना एक धाकटा भाऊ होता. त्याचं नाव बंडू. मी त्याला पाहिलेलं नाही. मी यायच्या कितीतरी आधी, नऊ-दहा वर्षांचा असताना तो विषमज्वराने गेला. त्याचा फोटोसुद्धा नव्हता घरात. पण त्याचं श्राद्ध आलं की सासूबाई एकदा ती हकीकत सांगायच्याच, भाजी चिरता चिरता, पावसापाण्याबद्दल बोलावं तशा. ताप उतरत नव्हता, पोर सारखं ताईला बोलाव म्हणत होतं, ताईचा हात दे म्हणत होतं. "पण प्रमी तेव्हा बाजूला बसली होती. म्हटलं, थांब रे, उद्या न्हाली की येईल. तर उद्यापर्यंत राहिला नाही." एवढं बोलून त्या पुढची काकडी घ्यायच्या. वाईट बाई नव्हत्या त्या. स्वतःच्या मुलाचा हात त्यांनी स्वतः धरला होता, डॉक्टर आणला होता, नवस बोलल्या होत्या. पण मुलीला कोपऱ्यातून उठवावं हे त्यांच्या मनातच आलं नाही, जसं आपल्या मनात चुलीवर पाय ठेवायचं येत नाही. तेरा वर्षांची मुलगी. तीन-चार पावलांवर भाऊ. तिला त्याचं बोलणं ऐकू येत होतं. ही हकीकत चालू असताना वन्सं केळीची पानं पुसत असायच्या, वाढायची तयारी करत असायच्या. एकदाही मान वर केली नाही. मी त्या घरात दरवर्षी तेच शब्द ऐकले होते, 'प्रमी तेव्हा बाजूला बसली होती', आणि मग तेच शब्द त्यांच्या तोंडून ऐकले, फक्त नाव बदललेले. बंडूचं नाव तर त्यांनी बदललंही नव्हतं.

मग लोक 'रुसली' म्हणायला लागले की मला चीड यायची. एकदा एका शाळेत त्यांना बोलावलं होतं, मी सोबत गेले होते. भाषण झाल्यावर एक मुलगी उठली. पाचवी-सहावीतली, दोन वेण्या, पायात मोजा एकच. तिने विचारलं, "मंदा का नाही गेली?" वन्सं म्हणाल्या, "ती मोठी झाली, बाळ." मुलगी म्हणाली, "मग मी मोठी होणार नाही." सगळा हॉल हसला. वन्सं हसल्या नाहीत. येताना रिक्षात मी म्हटलं, "खोटं का सांगितलंत त्या पोरीला?" त्या म्हणाल्या, "खोटं काय त्यात? मोठी झाली म्हणजे काय, ते तुला नव्याने सांगू? तुझ्या गावात काय म्हणतात?" मी म्हटलं, "आमच्या गावात पण तेच म्हणतात. पण तिला ते कळलं नाही." "कळेल," त्या म्हणाल्या, "दोन वर्षांत कळेल. त्या दिवशी तिला मंदा आठवेल. मी त्या दिवसासाठी लिहिलंय, आजच्यासाठी नाही." रिक्षावाल्याला वाटलं आम्ही भांडतोय, त्याने आरशातून पाहिलं. वन्संनी त्यालाच विचारलं, "का हो, रस्ता समोर आहे ना?"  वन्संचं म्हणणं मला पटलंही होतं आणि नव्हतंही. अजून तसंच आहे.

हे गेले तेव्हा वन्सं आणि मी दोघीच उरलो. नारायण पेठेतलं घर मालकाने बिल्डरला दिलं, आम्ही वारज्याला तिसऱ्या मजल्यावर आलो. वन्संना तिथलं काही आवडलं नाही, लिफ्ट सोडून. इथे कोपरा नव्हता, कोळसा नव्हता, मनाई करायला कुणी नव्हतं. तरी आल्या दिवशी त्यांनी आपली वेताची खुर्ची सोफ्यापासून, टीव्हीपासून सगळ्यांपासून लांब, बाल्कनीच्या दाराशी भिंतीला समांतर लावली. मी म्हटलं, "इथे मधे या की." म्हणाल्या, "इथे वारा येतो." मे महिन्यात वारा, डिसेंबरमध्ये ऊन. कारणं बदलायची, खुर्ची नाही. आणि संध्याकाळी मी समई लावली की उठून बाल्कनीत जायच्या. देवावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. देवाशी त्यांचं भांडण असतं तर त्यांनी ते तोंडावर केलं असतं. त्या फक्त समईला हात लावायच्या नाहीत. पाळी थांबून पस्तीस-चाळीस वर्षं होऊन गेली तरी नाही. मी ताप येऊन पडले होते तेव्हा एकदा म्हटलं, "वन्सं, आज तेवढी वात लावा." त्यांनी शेजारच्या मुलीला बोलावून आणलं.

शेवटी शेवटी त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं. मशीन आणलं, ते त्या डबीत ठेवायच्या. मी लांबून बोलले की म्हणायच्या, "वहिनी, कायदा विसरलीस? हात धर आणि बोल." मी म्हणायचे, "कणकेचे हात आहेत." "असू देत." मग मी कणकेच्या हाताने त्यांचा हात धरून विचारायचे, आमटीत गूळ घालू का. आणि त्यांना ऐकू यायचं. ते सोंग होतं की खरं, मी कधी विचारलं नाही.

आता ती नवी आवृत्ती. प्रकाशकांकडून गौरी नावाची मुलगी आली. हुशार, चांगल्या घरची, पाया पडली, सोफ्यावर अगदी कडेला बसली. म्हणाली, "आजी, चित्रं नवी करतोय, अक्षर मोठं करतोय. फक्त एक छोटासा बदल सुचवायचा होता. 'मंदा बाजूला बसली होती' याच्याऐवजी 'मंदा रुसून बसली होती' केलं तर? मुलं कन्फ्यूज होतात. आम्ही काही मुलांना वाचायला दिलं होतं, सगळी विचारतात, बाजूला का?"

मी विचारलं, "तुला काय वाटतं, का?"

"म्हणजे… साइडला. तिचा मूड नसेल."

"तुझी आई काय म्हणते?"

"आईला पण असंच वाटतं. आईचं लहानपणी फेव्हरेट होतं."

मी तिला सांगितलं. कोपरा, चटई, वरून टाकलेली पोळी, बंडू. चहा झाकून ठेवला होता, तो गार झाला. मला वाटलं, ती मुलगी आता रडते की काय. मला ते नको होतं. पण ती रडली नाही. पुस्तक काढून तिने ते पान उघडलं आणि पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "पण आजी, हे पुस्तकात कुठेच नाही."

"आहे तेवढंच आहे," मी म्हटलं. "तीन शब्द. ते तीन काढलेस की मग खरंच कुठे नाही."

"मग शेवटी एक टीप घालू? किंवा… आमच्याकडे अशी पण कल्पना होती की सहावं पुस्तक करायचं. कुणाकडून तरी लिहून घ्यायचं. मंदा मोठी झाल्यावर तिला सांजवनात परत घेतात, असं. लोकांना मंदाचं काय झालं ते हवंय."

मला हसू आलं. मी म्हटलं, "मंदाचं काय झालं ते हवंय ना? ऐक. मंदा चौथ्या दिवशी न्हाली. घरात आली तेव्हा अंथरूण काढलेलं होतं. मग ती शिकली. शिक्षिका झाली. लग्न केलं नाही. पाच पुस्तकं लिहिली. भांडकुदळ होती, कॉफीत साखर जास्त लागायची. म्हातारी झाली आणि वारज्याला तिसऱ्या मजल्यावर दुपारी खुर्चीत गेली. आता ह्यात कुणाला सांजवनात परत घ्यायचंय तुम्हाला?"

गौरी म्हणाली, "बदल नको, आजी. मी सांगते त्यांना." जाताना दारात चपला घालता घालता थांबली. "ताईंना आवडेल का हो, तुम्ही मला हे सांगितलं ते?"

मी म्हटलं, "मुळीच नाही."

आणि ते खरं आहे. हेच मला बसू देत नाही. वाक्य वाचवलं ह्याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. वन्संनी तीन शब्द बंद करून ठेवले होते, आणि ज्या मुलीला ज्या दिवशी कळतील त्या दिवशी कळतील, असं त्यांचं म्हणणं होतं. पण आता मुली बाजूला बसत नाहीत. चांगलं झालं, ते संपलं ते मला हवंच होतं, चटई मी स्वतः दिलेली आहे. पण ते संपलं तसे शब्दही संपले, आणि त्या दोन वेण्यांच्या मुलीची मुलगी कितीही मोठी झाली तरी तिला मंदा आठवायची नाही. तिला कुणीतरी सांगावं लागेल. म्हणून पेपराच्या पुरवणीवाल्यांचा फोन आल्यावर मी हो म्हटलं आणि लिहायला बसले. वन्सं असत्या तर म्हणाल्या असत्या, तोंड सांभाळ. इतकी वर्षं सांभाळलं की… एकदा वाटतं बरं केलं. मग उठते, पाणी पिते, परत येऊन वाचते आणि वाटतं, त्यांचा कोपरा मी लोकांना दाखवायला उघडला. दोन्ही खरं असेल. ह्या वयात मला निकाल लावायची घाई नाही, पण झोप नीट लागत नाही एवढं खरं.

खुर्ची अजून तिथेच आहे, बाल्कनीच्या दाराशी. मुलगा आला होता तेव्हा म्हणाला, "आई, ही आता टाकून देऊ, वेत सुटलाय, कुणाला तरी लागेल." मी म्हटलं, "बघू." रोज सकाळी केर काढायला ती मधे ओढते, आणि मधेच राहू दे असं ठरवते. संध्याकाळी पाहते तर पुन्हा भिंतीशी. घरात दुसरं कुणी नाही, म्हणजे मीच सरकवत असणार.

परवा समई लावली आणि स्वयंपाकघरात कणीक मळता मळता सवयीने ओरडले, "वन्सं, चहा ठेवू की कॉफी?" उत्तर नाही. पुन्हा ओरडणार होते, तेवढ्यात कायदा आठवला. गॅस बंद केला. हातांना कणीक होती, ती तशीच ठेवून बाहेर गेले. खुर्चीच्या डाव्या हाताचा वेत उसवलाय, तळव्याला टोचतो. त्या हातावर हात ठेवला आणि मग विचारलं.